'शिका' या शब्दाचा अर्थ आपण कोणाकडून घेतला?

एप्रिल महिना आला की नाशिकच्या प्रत्येक चौकात, नाशिकरोडपासून सातपूरपर्यंत, निळ्या कमानींवर तीन शब्द झळकतात. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दावर चळवळीत रात्र-रात्र वाद होतात. संघटना कोणती, नेता कोण, युती कोणाशी, मोर्चा कशासाठी? पहिल्या शब्दावर मात्र कोणी वाद घालत नाही. 'शिका' म्हणजे काय हे जणू सगळ्यांना ठाऊकच आहे. शाळेत जा, डिग्री घे, स्पर्धा परीक्षा दे, नोकरीला लाग. वस्तीतल्या कोणत्याही तरुणाला विचारा, हेच उत्तर मिळेल.

हे उत्तर चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते फार अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाचा फायदा आज कोण घेत आहे हे दाखवण्यासाठी हा लेख आहे.

मित्रांनो, कोणतीही शिक्षणव्यवस्था घ्या. तिच्या पोटात माणसाविषयीचा एक विचार दडलेला असतो. कोण शिकण्यास लायक, कोणी काय शिकावे, शिकून कोणाच्या कामी यावे, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. हे ठरवणारे बहुतेक वेळा तत्त्वज्ञ असतात आणि त्यांचे म्हणणे अमलात आणणारे राज्यकर्ते. आपण फक्त फॉर्म भरतो. म्हणून ज्याला शिक्षणामागचे तत्त्वज्ञान ओळखता येत नाही, तो शिकूनही दुसऱ्याच्या योजनेतले प्यादे राहतो.

प्लेटोचे धातू आणि मनूचे वर्ण

पाश्चात्त्य विचारात शिक्षणाचा पहिला मोठा आराखडा प्लेटोने मांडला. त्याच्या आदर्श राज्यात तीन प्रकारची माणसे आहेत. राज्य करणाऱ्यांच्या घडणीत सोने, सैनिकांच्या घडणीत चांदी आणि शेतकरी-कारागिरांच्या घडणीत लोखंड-पितळ. शिक्षणाने ही घडण ओळखायची आणि ज्याला त्याला त्याच्या जागी बसवायचे. हे ऐकताना आपल्याला काहीतरी ओळखीचे वाटते ना? मुखातून, बाहूतून, मांडीतून आणि पायातून जन्मलेल्या माणसांची कथा आपण पिढ्यानपिढ्या भोगली आहे.

फरक एवढाच की प्लेटोने एक खिडकी उघडी ठेवली होती. पितळी आईबापांच्या पोटी सोन्याचे मूल निपजले तर त्याला वर न्यावे, असे तो म्हणतो. मनूच्या भिंतीला तेवढीही फट नाही. इथे शूद्राच्या पोराने धनुर्विद्या शिकली तर त्याचा अंगठा मागितला जातो, आणि मागणाऱ्याच्या नावाने सरकार प्रशिक्षकांना पुरस्कार देते!

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे उच्चाटन' लिहिताना चातुर्वर्ण्याची तुलना प्लेटोशीच केली. चातुर्वर्ण्य गुणांवर आधारलेले होते, असा युक्तिवाद करणाऱ्या आर्यसमाजी सुधारकांना त्यांनी विचारले की माणसांची चार ठोकळ्यांत वाटणी करता येते हे मुळात तुम्हाला सांगितले कोणी? प्रत्येक माणूस वेगळा आहे, त्याच्यात अनेक शक्ती आहेत, त्या तीन किंवा चार खोक्यांत मावत नाहीत. प्लेटोवरचा हा आक्षेप बाबासाहेबांच्या आधी एका अमेरिकन प्राध्यापकाने घेतला होता. त्याच्याकडे आपण येऊच. त्याआधी जोतीरावांकडे जाऊ.

झिरपणीचा सिद्धांत आणि जोतीरावांचे निवेदन

मनूची भिंत इंग्रजांनी पाडली, असे सरसकट बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. इंग्रजांनी शाळेचे दार कायद्याने उघडले, पण आत कोणाला घ्यायचे याचे त्यांचे स्वतःचे तत्त्वज्ञान होते. २ फेब्रुवारी १८३५ च्या आपल्या टिपणात मेकॉलेने स्पष्ट केले की सगळ्या जनतेला शिकवण्याइतके साधन सरकारकडे नाही, म्हणून आधी एक मधला वर्ग तयार करावा. वरच्यांना शिकवा, त्यांच्याकडून ज्ञान खाली झिरपेल. हाच झिरपणीचा सिद्धांत. जातीच्या देशात ज्ञान झिरपते कुठे? वरचा माठ तळाला शेणाने लिंपलेला होता. खाली थेंबही आला नाही.

हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्टपणे ओळखले जोतीराव फुल्यांनी. १८४७ मध्ये त्यांनी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पुस्तक आणि कृती यांच्यात एका वर्षाचे अंतर! तत्त्वज्ञान वाचणे म्हणजे काय, हे यावरून शिकावे. पेन जन्मजात अधिकारावर तुटून पडतो. तो राजे आणि सरदार यांच्याविरुद्ध लिहीत होता. जोतीरावांनी तोच विचार इथल्या भूदेवांना लावला.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे त्यांनी दिलेले निवेदन प्रत्येक आंबेडकरी तरुणाने एकदा तरी वाचावे. त्यांचा मुद्दा साधा हिशोबाचा आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. कर भरणारा एक, शिकणारा दुसरा. म्हणून त्यांनी निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. शिक्षक कसे असावेत हेही सांगितले. शेतकरी वर्गातून आलेले, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारे. अभ्यासक्रमात मोडी-बाळबोध, हिशोब, इतिहास, भूगोल यांच्याबरोबर शेतीचे ज्ञान, नीती आणि आरोग्य.

या शिक्षणाचे फळ कसे असते? जोतीरावांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये, चौदाएक वर्षांची असताना, महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिने धर्मालाच प्रश्न विचारले. त्या मुलीकडे कोणतीही पदवी नव्हती. पण ती शिकलेली होती याबद्दल कोणाला शंका आहे का?

जोतीरावांची मागणी मान्य व्हायला किती काळ लागला तेही पाहा. संविधानाने दहा वर्षांची मुदत घालून चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व दिले. ती मुदत उलटून गेली. २००२ मध्ये घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. निवेदनापासून अंमलापर्यंत सव्वाशेहून अधिक वर्षे.

कोलंबियातले गुरुजी

१९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. तिथे जॉन ड्युई तत्त्वज्ञान शिकवत असत. याच ड्युईने १८९६ मध्ये शिकागोत एक प्रयोगशाळा-शाळा काढली होती. त्याने सांगितलेला एक किस्सा प्रसिद्ध आहे. शाळेसाठी बाके घ्यायला तो दुकानोदुकानी हिंडला, पण त्याला हवी तशी मिळेनात. शेवटी एका दुकानदाराने ओळखले की या गृहस्थांना मुले ज्यावर काम करतील अशी बाके हवी आहेत, आणि आपल्याकडची सगळी बाके फक्त ऐकण्यासाठी बनवलेली आहेत.

आता आपल्या शहरातल्या अभ्यासिका पाहा. कॉलेज रोडपासून वस्तीतल्या समाजमंदिरापर्यंत एकच नमुना. तीन बाजूंनी प्लायवूड, समोर ट्यूबलाइट, कानात इअरफोन, पुढ्यात प्रश्नसंच. ऐकण्याचीही सोय उरलेली नाही. शेजारी कोण बसले आहे हे सहा-सहा महिने कळत नाही. पोरांना शांतता हवी, जागा हवी, हे आम्हाला मान्य आहे. दहा बाय दहाच्या खोलीत ती मिळत नाही म्हणून तर अभ्यासिका काढाव्या लागतात. पण शिक्षण म्हणजे एकट्याने भिंतीकडे तोंड करून केलेली गोष्ट, हा विचार त्या प्लायवूडमध्ये ठोकलेला आहे आणि तो आपला नाही.

ड्युईचा विचार काय होता? पहिला, विचार करणे पाठांतरातून सुरू होत नाही. माणूस अडतो, त्याला अडचण जाणवते, तेव्हा त्याची बुद्धी कामाला लागते. दुसरा, शाळा ही पुढच्या आयुष्याची तालीम नसून आजच जगण्याची जागा आहे. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नाही. ती एकमेकांच्या सोबतीने जगण्याची रीत आहे, अनुभवांची देवाणघेवाण आहे. ज्या समाजात एका गटाचे दुसऱ्या गटाशी येणे-जाणे, बोलणे-बसणे नाही, तिथे मतपेटी असली तरी लोकशाही नसते.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. बाबासाहेबांच्या लेखनात हा विचार ठायी ठायी भेटतो. 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये ते ड्युईंना आपले गुरू म्हणतात आणि त्यांचे ऋण मान्य करतात. समाजाने भूतकाळातून आलेले सगळेच जपून पुढच्या पिढीला देऊ नये, त्यातले मेलेले लाकूड छाटावे, हा ड्युईंचा विचार ते तिथे आणतात. जून १९५२ मध्ये कोलंबियाची मानद पदवी स्वीकारायला बाबासाहेब अमेरिकेला गेले, आणि त्याच वेळी, १ जून रोजी, ड्युईंचे निधन झाले. गुरुशिष्यांची भेट राहून गेली. आपले सगळे बौद्धिक आयुष्य या माणसामुळे घडले, अशा अर्थाचे त्यांनी माईसाहेबांना पत्रातून कळवले.

म्हणजे बाबासाहेब ड्युईचे अनुयायी होते का?

या प्रश्नावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. काही विद्वान मोठ्या समाधानाने सांगतात की बघा, आंबेडकरांचे विचार तर अमेरिकेतून आणलेले होते. आणि आपल्यातले काही कार्यकर्ते चिडून म्हणतात की ड्युईचे नाव घेऊन बाबासाहेबांना लहान करू नका. दोघांचीही चूक एकच आहे. विचार ही बापजाद्यांची मालमत्ता आहे, असे दोघे धरून चालतात. शेक्सपिअर वाचणाऱ्या चिपळूणकरांना कोणी उसनवारीचा हिशोब मागत नाही. तो आपल्यालाच का मागितला जातो?

बाबासाहेबांनी ड्युईकडून घेतले आणि जिथे ड्युई कमी पडला तिथे ते पुढे गेले. ड्युईच्या मते शाळा म्हणजे छोटा समाज. साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता आणि शिपाई नसला की त्याला पाणी मिळत नव्हते. ती शाळाही छोटा समाजच होती, हुबेहूब बाहेरच्यासारखा! जिथे समाजच सडलेला आहे तिथे चांगली अध्यापनपद्धती पुरत नाही. तिथे कायदा लागतो, पैसा लागतो, वसतिगृह लागते, प्रतिनिधित्व लागते.

म्हणून १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षण अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी आकडे मांडले. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी जेमतेम १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते. शिक्षण हे देवघेवीच्या हिशोबावर चालवायचे खाते नाही, असे त्यांनी सुनावले. या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. विधिमंडळातला आकडा आणि तळ्यातली ओंजळ, दोन्ही शिक्षणाचेच कार्यक्रम होते.

विद्येला पैशाचा आधार लागतो हे आपल्या नाशिकच्या मातीला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. त्रिरश्मी लेण्यातला उषवदाताचा शिलालेख बघा. त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले आणि व्याजातून भिक्खूंच्या चीवराची सोय लावली. विहार नुसत्या श्रद्धेवर चालले नाहीत. पुढे १९२० मध्ये छत्रपती शाहू महाराज याच नाशिकमध्ये उदोजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसवायला आले, तेव्हा त्यांच्याही कामाचा अर्थ तोच होता. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नाही. खालच्या थरातल्या माणसासाठी तो शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाचाच भाग आहे.

नागसेनाची अट

ड्युईच्या पलीकडे बाबासाहेब ज्यांच्याकडे गेले ते आमचे आद्य शिक्षक म्हणजे तथागत. परंपरेने सांगितले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे कालामांना सांगणारा धर्मसंस्थापक दुसरा दाखवा. पण बुद्धाने बुद्धीबरोबर शील आणि करुणाही मागितली. शिकलेला माणूस शीलवान नसेल तर तो अडाण्यापेक्षा जास्त धोकादायक, असे बाबासाहेब बजावत आले ते यामुळेच.

१९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले. मिलिंद कोण? प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. त्याला वादाला सामोरा जाणारा भिक्खू नागसेन आधी एक अट घालतो. राजांसारखा वाद घालणार असाल तर मी बोलणार नाही, पंडितांसारखा घालणार असाल तर बोलेन. पंडितांच्या चर्चेत कोणाचे म्हणणे खोडले गेले तर तो रागावत नाही. राजाच्या चर्चेत विरोध करणाऱ्याला दंड होतो.

आता आपल्याच बैठका आठवा. एखाद्या पोराने उठून प्रश्न विचारला तर काय होते? "तू कोणाचा माणूस?" हा पहिला उलटा प्रश्न. एखाद्या पोरीने विहार समितीत बायका किती असे विचारले तर हसू. हा राजांचा वाद आहे. मिलिंदाच्या नावाचे महाविद्यालय आपल्या बापाने काढले आणि आपण नागसेनाची अट विसरलो.

आपल्या घोषणेचेही असेच झाले. बहिष्कृत हितकारिणी सभेपासून चालत आलेले इंग्रजी ब्रीद 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ' असे आहे. इंग्लंडमधले समाजवादी ते एकोणिसाव्या शतकातच वापरत होते. त्यात मधला शब्द 'ॲजिटेट' आहे. मराठीत येताना तो 'संघर्ष करा' झाला आणि शेवटी गेला. आमच्या मते मूळ क्रमाला अर्थ आहे. 'ॲजिटेट' म्हणजे ढवळणे, चेतवणे. आधी शिका, मग मन ढवळून काढा, आणि अशी ढवळलेली माणसे एकत्र आली की संघटना उभी राहते. मधली पायरी गाळली तर न ढवळलेल्या माणसांची संघटना होते, आणि ती कोणीही, कधीही, कोणत्याही गाडीत भरून नेऊ शकतो.

आजचा सवाल

हे सगळे जुने आहे असे वाटत असेल तर आजचे निर्णय या तत्त्वज्ञांच्या उजेडात वाचून पाहा.

सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव राज्यात मागवले गेले. सुरगाणा-पेठच्या पाड्यावरची शाळा उठली तर सगळ्यात आधी घरी बसेल ती मुलगी. हा जोतीरावांनी पकडलेला हिशोबच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खाजगी शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देण्यात आली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. गरिबाचे मूल आणि श्रीमंताचे मूल एका बाकावर नको, हा त्या बदलामागचा विचार होता. ड्युईच्या भाषेत तो लोकशाहीवर घाव होता. आमच्या भाषेत ते नवे गोणपाट होते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराशिवाय सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. हाताने काम करण्याला आमचा विरोध नाही. जोतीरावांनी शिक्षकाच्याच हाती वाकस दिला होता, आणि ड्युईच्या शाळेतली मुलेही सुतारकाम करत होती. ती लाकडातले गणित आणि समाज समजून घेण्यासाठी. पण याच देशात १९५३ मध्ये मद्रासला राजाजींनी मुलांनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली होती. लोकांनी तिला 'कुलशिक्षण' असे नाव ठेवले आणि पेरियारांच्या चळवळीने ती उलथली. १९५४ मध्ये कामराज सरकारने ती मागे घेतली. म्हणून आम्ही विचारणार. गंगापूर रोडच्या डॉक्टरचा मुलगा दहा दिवस चांभाराच्या शेजारी बसणार आहे का? आणि चांभाराची मुलगी दहा दिवस प्रयोगशाळेत बसणार आहे का? दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर योजनेचे स्वागत. नसेल तर प्लेटोचे पितळ पुन्हा पितळाच्या जागी चालले आहे.

"आधी पोट, मग तत्त्वज्ञान"

इथे एक रास्त आक्षेप येतो. अंबडच्या कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्या बापाच्या पोराला ड्युई सांगून काय उपयोग? त्याला पोलीस भरतीचे पुस्तक द्या. आम्ही ते देतो, आणि देत राहू. नोकरी म्हणजे आपल्यासाठी नुसता पगार नसतो. गावकीतून सुटका असते. तिला कमी लेखणारा माणूस कधी उपाशी झोपलेला नसतो. याच शहरात १९८९ पासून असलेल्या मुक्त विद्यापीठातून कारखान्यात काम करत पदवी घेतलेले आमचे भाऊ-बहिणी आहेत. त्यांच्या त्या कागदाची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

पण भरती निघते शेकड्यात आणि तयारी करणारे असतात लाखात. उरलेल्यांचे काय? ज्याला 'शिका'चा अर्थ फक्त निवड यादी असा सांगितला, तो तिशीला यादीत नाव नसले की स्वतःला अशिक्षित समजू लागतो. ज्याला प्रश्न विचारायला शिकवले, तो जागा का निघत नाहीत हे विचारतो. आणि ज्यांची निवड होते त्यांचे? प्रश्न न विचारणारा आपला अधिकारी आपल्याच वस्तीवर बुलडोझर घेऊन येतो.

तेव्हा करायचे काय? तीन गोष्टी सुचवतो. एक, प्रत्येक विहारात आठवड्यातून एक तास प्रश्नांचा ठेवा. व्याख्यान नाही, हारतुरे नाहीत. 'जातिप्रथेचे उच्चाटन'ची चार पाने वाचायची आणि नागसेनाच्या अटीवर वाद घालायचा. दोन, अभ्यासिकेत प्लायवूडच्या खोक्यांशेजारी एक मोठे टेबल टाका, दहा जण समोरासमोर बसतील असे. तीन, शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तीच करते. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते, कारण आपले पालक तिथे फक्त सही करायला जातात. जोतीरावांनी आयोगापुढे निवेदन दिले. तुमच्या वस्तीतल्या शाळेच्या समितीपुढे एक पानी निवेदन द्यायला काय हरकत आहे? पट किती, गळती किती, शिक्षक किती, पाणी कुठे?

या वर्षी जयंतीच्या कमानीवर 'शिका' लिहाल तेव्हा खाली एक ओळ जागा सोडा आणि वस्तीतल्या पोरांना तिथे आपला प्रश्न लिहू द्या.

जय भीम!